चोंदलेलं नाक आणि स्प्रेची परीक्षा: एक वही, एक स्टीलचं ताट, सहा आठवडे

माझ्या टेबलाच्या खणात एके काळी नाकात मारायच्या पाच बाटल्या होत्या. पाचही अर्धवट. एक मेडिकलवाल्यानं दिलेली, एक डॉक्टरांनी लिहून दिलेली, एक मेहुण्यानं ‘मला लागू पडली’ म्हणून आणलेली, आणि दोन कुठून आल्या ते आठवत नाही. प्रत्येकीबद्दल माझं ठाम मत होतं. पुढे कळलं की जिला मी एक नंबर ठरवली होती तिनंच माझं नाक वर्षभर बंद ठेवलं होतं. आणि जिला ‘नुसतं पाणी आहे’ म्हणून चार दिवसांत खणात टाकली, ती आज माझ्या उशाशी असते.

मी डॉक्टर नाही. बेळगावच्या शहापुरात राहतो, वडगावात मागांच्या एका शेडचे हिशेब लिहितो, आणि पंधरा-सोळा वर्षं ॲलर्जीचं नाक सांभाळतो आहे. स्प्रेची परीक्षा घ्यायची पद्धत मला उशिरा सापडली. तीही हिशेबाच्या वहीनंच सापडली म्हणायची. खाली लिहिलं आहे ते ॲलर्जीमुळे नाक चोंदणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. औषध कोणतं हे डॉक्टर ठरवतील. ते आपल्याला लागू पडतंय का, हे नीट कसं पाहायचं एवढंच मी सांगतो.

आधी नाक कशानं बंद आहे ते बघा

चोंदलेलं नाक म्हणजे शेंबडानं भरलेलं नाक, असं आपण धरून चालतो आणि जोरजोरात शिंकरत बसतो. ॲलर्जीत बहुतेक वेळा आतली जागा सुजेनं व्यापलेली असते. दोन्ही बाजूंच्या भिंतींना मांसल वळ्या असतात, त्यात रक्त साचून त्या फुगतात. सूज शिंकरून निघत नाही, त्यामुळे शिंकरत राहिलं तर नाक सोलवटतं, मोकळं होत नाही.

ॲलर्जीची ओळख साधारण अशी: ओळीनं आठ-दहा शिंका, नाकात आणि टाळूला खाज, डोळे चुरचुरणं, पाण्यासारखा स्राव, ताप नाही. आणि हे ठरावीक जागी किंवा ठरावीक हंगामात परत परत होणं. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आटोपते, ॲलर्जी मुक्कामाला येते.

आपल्या भागात तिला निमित्तांची वाण नाही. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरच्या ओलीत भिंतींना बुरशी धरते आणि चार-चार महिने ऊन न लागलेल्या वाकळांत, गाद्यांत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. पावसानंतर रस्त्याकडेला काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत, पांढऱ्या फुलांनी भरतं. मग येळ्ळूर, कडोली, खानापूरकडे भाताची मळणी. निपाणीच्या वखारींत तंबाखूची धूळ, वडगाव-खासबागेत मागांवरचे सुताचे बारीक तंतू, उद्यमबागेत फाउंड्रीची रेती, अथणी-चिकोडीच्या बाजूला पेटवलेलं उसाचं पाचट. यातला धूर आणि रेती ही खरी ॲलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला ती आणखी चिडवतात. म्हणून वहीत त्यांनाही जागा लागते.

स्प्रेच्या नादी लागण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायची लक्षणं वेगळी आहेत. एकच नाकपुडी कायम बंद, रक्त, घाण वास, चेहऱ्यावर एका बाजूला दुखणं, दिसण्यात फरक, वास येणं अचानक थांबणं, किंवा ताप. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत चिंचोका, खडू किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. घड्याळातला बटण सेल असेल तर काही तासांत आतली कातडी जळते, तेव्हा रात्र असली तरी निघायचं.

घरी करायची एक छोटी तपासणी आहे. नाकाशेजारचा गाल दोन बोटांनी हळूच बाहेर ओढा. तेवढ्यानं ती बाजू लख्ख मोकळी झाली तर अडचण बहुधा नाकाच्या अरुंद दारात किंवा वाकड्या पडद्यात आहे. तिथे स्प्रेकडून फार अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडे सरसकट ‘हाड वाढलंय’ म्हणतात. बरेचदा हाड वाढलेलं नसतं, पडदा वाकलेला असतो.

बाटलीवरचं मोठं नाव वाचू नका, बारीक नाव वाचा

परीक्षा ब्रँडची नसते, आतल्या औषधाची असते. ओट्रिव्हिन हे नाव झायलोमेटाझोलिनच्या बाटलीवर असतं आणि मिठाच्या पाण्याच्या बाटलीवरही असतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायची.

पहिली जात रक्तवाहिन्या आकसवणाऱ्यांची: झायलोमेटाझोलिन (मोठ्यांसाठी ०.१ टक्के, लहानांची बाटली ०.०५ टक्के) आणि ऑक्सिमेटाझोलिन (मोठ्यांसाठी ०.०५ टक्के). पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं आणि आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त, उघडं राहतं. म्हणूनच ही बाटली घातक. पहिल्या दिवसाच्या परीक्षेत ती नेहमी पहिली येते. पण सूज आणणारं कारण ती हलवत नाही, फुगलेल्या वळ्यांतलं रक्त तात्पुरतं पिळून काढते. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरली तर असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा घट्ट होतं. मग पुन्हा दोन थेंब, मग चार तासांनी पुन्हा. याला डॉक्टरी भाषेत रायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात, म्हणजे औषधानंच आणलेली नाकाची सूज. मी यात अकरा महिने होतो. खिशात बाटली, गाडीच्या डिकीत बाटली, ऑफिसच्या खणात बाटली. आत्ते म्हणायची, ‘काय मारूलास रे सारखं नाकात?’ मी म्हणायचो, ॲलर्जी. ॲलर्जी त्यातली निम्मी असेल.

दुसरी जात स्टेरॉइडची: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्यूडेसोनाइड. फ्लोमिस्ट, मेटास्प्रे, ॲव्हामिस ही नावं यातली. ॲलर्जीनं चोंदणाऱ्या नाकासाठी सगळ्यांत भरवशाची जात हीच. पण ती आजच्या नाकावर आज काम करत नाही. थोडा फरक अर्ध्या-एक दिवसात जाणवू शकतो, खरा फरक एक-दोन आठवडे रोज मारल्यावर. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, सूज येईल, हाडं ठिसूळ होतील म्हणतात. ती भीती वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांवरून आलेली आहे. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन यांचा स्प्रेतून रक्तात पोचणारा भाग २ टक्क्यांच्याही आत असतो. नेहमी दिसणारा त्रास म्हणजे नाक कोरडं पडणं आणि रक्ताचा थेंब, आणि तोही बहुतेकदा चुकीच्या दिशेनं मारल्यामुळे. तरीही हे चिठ्ठीवरचं औषध आहे, चिठ्ठीवरच घ्या.

तिसरी जात ॲलर्जीविरोधी: ॲझेलास्टिन. पंधरा-तीस मिनिटांत काम सुरू होतं. शिंका आणि खाज यांवर चांगलं, चोंदण्यावरही बऱ्यापैकी. तोंड कडूजहर होतं, काहींना झोप येते. ॲझेलास्टिन आणि फ्लुटिकासोन एकत्र असलेल्या बाटल्याही मिळतात, ड्युओनेज ही त्यातलीच. एकटं औषध पुरत नाही तेव्हा त्या उपयोगी पडतात.

चौथी मिठाच्या पाण्याची. ती औषध कमी आणि झाडू जास्त.

पेपरमिंटच्या नळ्या, कापूर, बाम यांबद्दल एकच वाक्य: मेंथॉल नाकाला गार वाटवतं, म्हणून मोकळं झाल्यासारखं वाटतं, आतली वाट तेवढीच अरुंद राहते. आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत फिनायलेफ्रिन असतं त्यांबद्दल सांगायचं तर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये तोंडानं घेतलेलं फिनायलेफ्रिन नाक मोकळं करत नाही असं सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनानं ते अशा औषधांतून काढायचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे ते अजून पट्टीपट्टीत आहे.

थेंबांची सवय लागली असेल तर परीक्षा थांबवा, आधी ती सोडवा

पहिल्या जातीच्या बाटलीवर महिनोन्‌महिने असाल तर दुसऱ्या कुठल्याही स्प्रेची परीक्षा खरी निघणार नाही. नाकात सूज ॲलर्जीची किती आणि थेंबांची किती, हेच कळत नाही. डॉक्टर बहुधा स्टेरॉइड स्प्रे सुरू करून थेंब बंद करायला सांगतात. एकदम बंद करणं जमलं नाही तर एक जुनी युक्ती आहे, मी तिनंच सुटलो: आधी एकाच नाकपुडीत थेंब बंद करायचे. दुसरी चालू, त्यामुळे रात्री जीव गुदमरत नाही. बंद केलेली बाजू दोन-तीन दिवस दगडासारखी असते, मग हळूहळू श्वास घ्यायला लागते. ती स्थिर झाली की दुसरी. मला उजव्या बाजूला सहा दिवस लागले, डाव्या बाजूला नऊ. त्या दिवसांत उशी उंच घ्या आणि महत्त्वाचं काम ठेवू नका. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, कारण चिडचीड होते.

पहिला आठवडा: काही मारायचं नाही, फक्त लिहायचं

शंभर पानी वही घ्या. एका दिवसाला दोन ओळी: सकाळी उठल्यावर (तोंड धुण्याआधी) आणि रात्री झोपताना. चार रकाने: चोंदणं, वाहणं, शिंका, खाज. प्रत्येकाला ० ते ३ गुण. ० म्हणजे नाही, १ म्हणजे आहे पण कामात अडचण नाही, २ म्हणजे त्रास होतो पण निभतं, ३ म्हणजे झोप किंवा काम बिघडलं. एका ओळीची बेरीज जास्तीत जास्त १२. डॉक्टर लोक औषधांच्या चाचण्यांत याच धर्तीचं कोष्टक वापरतात, त्यामुळे पुढे तुमची वही त्यांना लगेच कळते.

पाचवा रकाना ‘आज काय’ असा ठेवा. घर झाडलं, वाकळा काढल्या, मळणीवर गेलो, मागाजवळ बसलो, गणपतीच्या मिरवणुकीत रात्र काढली, पाचट पेटलं होतं, पाऊस. घेतलेल्या गोळ्याही इथेच. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्या गोळ्यांपैकी काहीही मध्येच घेतलं आणि लिहिलं नाही, तर सगळं श्रेय स्प्रेला जातं.

आता ताट. जेवायचं स्टीलचं ताट पुसून कोरडं करा, थंडगार असू द्या, नाकाखाली आडवं धरा आणि तोंड बंद ठेवून एकदा सावकाश श्वास सोडा. ताटावर वाफेचे दोन डाग उठतात. दोन्ही सारखे की एक मोठा, एक नखाएवढा, ते वहीत काढून ठेवा. पूर्वी तज्ज्ञ खास धातूची पट्टी यासाठी वापरायचे, आपलं ताट त्याचं गरीब भावंड. मोजमाप काटेकोर नसतं, पण ‘मोकळं वाटतंय’ आणि ‘मोकळं आहे’ यांतला फरक ते दाखवतं. मेंथॉलची नळी ओढून ताट धरा, माझं म्हणणं पटेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नाहीतर ताट फसवेल. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या चालत नाहीत. काही तास डावी जास्त उघडी, मग उजवी. योगवाले याला चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणत आले आहेत, आणि कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९५ मध्ये ते शास्त्रीय भाषेत लिहिलं. शिवाय कुशीवर झोपलं की खालची बाजू बंद होते. म्हणून एका डागावरून निकाल देऊ नका. ताट रोज ठरल्या वेळी धरा, बसून दहा मिनिटं झाल्यावर धरा, आणि दोन्ही डाग मिळून किती मोठे आहेत ते बघा.

दम्याचा पंप किंवा डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलेलं औषध या आठवड्यासाठी बंद करायचं नाही. ‘काही मारायचं नाही’ म्हणजे नवीन काही मारायचं नाही.

आठवड्याच्या शेवटी चौदा ओळींची बेरीज करून १४ नं भागा. हा तुमचा मूळ आकडा. माझा त्या नोव्हेंबरात ७.९ होता.

दुसरा आठवडा: मिठाचं पाणी

विकतची सलाइन बाटली सोपी. घरी करायचं तर एक लिटर पाणी खळाखळा उकळल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळत ठेवायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं आणि त्यात ९ ग्रॅम साधं मीठ घालायचं. ५ मिलीच्या चमच्यानं सपाट दीड चमचा. रोजचं ताजं करा, उरलेलं ओता.

इथे आळस नको. राकसकोप जलाशयाचं पाणी असो, हिडकल धरणाचं असो की अंगणातल्या विहिरीचं, नाकात सरळ नळाचं पाणी ओढायचं नाही. नाकातून मेंदूकडे जाणारा अमीबा क्वचितच गाठतो, पण गाठला तर माणूस सहसा वाचत नाही. केरळात २०२४ मध्ये तलाव-नदीच्या पाण्यात उतरलेली मुलं यानं दगावली. पोटात गेलेलं पाणी वेगळं, नाकात गेलेलं वेगळं. जलनेतीचं भांडं वापरत असाल तरी हाच नियम, आणि भांडंही त्याच उकळलेल्या पाण्यानं धुवून वाळवायचं.

सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजू धुवा आणि वही चालू ठेवा. मळणीवरून, वखारीतून किंवा शेडमधून घरी आल्याबरोबर एकदा जास्तीचं. निपाणीत वखारीवर काम करणारी माझी वैनी एवढ्यावरच निभावते. तिचा मूळ आकडा ४ च्या आसपास होता आणि तो २ वर आला. माझा ७.९ वरून ६.८ झाला. म्हणजे फरक पडला, पण रात्रीची झोप परत आली नाही. तुमचं एवढ्यावर भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत: स्टेरॉइड स्प्रे

चिठ्ठीवरचा स्प्रे आणला की आधी तारीख लिहा. बाटलीवरच, पेननं. मग सोबतचा कागद वाचून बाटली ‘भरून’ घ्या, म्हणजे हवेत काही वेळा दाबा, बारीक सारखं धुकं येईपर्यंत. किती वेळा, ते प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं. बरेच दिवस पडून राहिली तर हे पुन्हा करावं लागतं. पहिल्या खेपेला मी हे केलंच नव्हतं. दोन दिवस नाकात हवाच मारत होतो.

मारायची पद्धत हाच सगळ्या परीक्षेचा गाभा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

नाक हलकेच शिंकरा. मिठाचं पाणी वापरत असाल तर ते दहा-पंधरा मिनिटं आधी. बाटली हलवा. मान वर करून छताकडे बघायचं नाही. पायांच्या बोटांकडे बघावं इतकी पुढे झुकवा. वर मान केली की औषध सरळ घशात उतरतं, कडू लागतं आणि नाकाला काही मिळत नाही.

डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात, उजव्या नाकपुडीसाठी डाव्या हातात. ही एक सवय लागली की बाकी निम्मं आपोआप होतं, कारण हात आडवा आला की टोक बाहेरच्या बाजूला वळतं. टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, कानाच्या दिशेनं. मधल्या पडद्याकडे कधीच नाही. पडद्यावर रोज फवारा बसला की तिथली कातडी सुकते, खपली धरते, रक्त येतं; वर्षानुवर्षं तसंच चाललं तर क्वचित भोकही पडतं.

टोक थोडंच आत, सेंटिमीटरभर पुरे. एकदा दाबा आणि त्याच वेळी फुलाचा वास घ्यावा इतका हलका श्वास घ्या. तपकिरीसारखं ओढायचं नाही. ज्यांनी घरात तपकीर बघितली आहे त्यांचा हात इथे हमखास चुकतो! श्वास तोंडानं सोडा. दुसरी बाजू. टोक पुसून झाकण लावा, आणि पुढची दहा मिनिटं शिंकरू नका.

घशात चव आली, नाकातून औषध ओघळून ओठावर आलं, किंवा टोचल्यासारखं झालं, तर दिशा चुकली आहे. पहिल्या दिवशी आरशासमोर मारा, किंवा घरातल्या कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. डॉक्टरांसमोर एकदा मारून दाखवणं त्याहून चांगलं. मी तीन वर्षं वापरल्यावर दाखवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे बाटली माझ्या दुसऱ्या हातात दिली.

वेळ ठरवून घ्या. दात घासायच्या ब्रशशेजारी बाटली ठेवली की विसर पडत नाही. आणि रोज मारायचं, बरं वाटलं त्या दिवशीही. ‘लागेल तेव्हा मारतो’ ही या औषधाची परीक्षा होतच नाही. सुरुवातीला नाक इतकं घट्ट असेल की औषध आतच जात नसेल, तर डॉक्टर पहिले तीनच दिवस त्याआधी झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मारायला सांगू शकतात. तीन म्हणजे तीन. वहीत चौथ्या दिवसावर आधीच फुली मारून ठेवा.

पहिल्या आठवड्याचा आकडा काढा पण त्यावर मत बनवू नका. इथेच मी ती बाटली खणात टाकली होती. चौथ्या दिवशी माझा आकडा होता ६.५, आणि मी म्हटलं, पाणी आहे. दुसऱ्यांदा नीट मारून बघितलं तेव्हा आकडे असे आले: पहिला आठवडा ६.१, दुसरा ४.४, तिसरा ३.२, चौथा २.९. ताटावरचे डाग दुसऱ्या आठवड्यात वाढत तळहाताएवढे व्हायला लागले.

दोन आठवड्यांनी पहिला कच्चा निकाल, चार आठवड्यांनी पक्का. माझा ढोबळ निकष असा: मूळ आकडा एक तृतीयांशानं तरी उतरला पाहिजे आणि रात्री तोंड उघडं ठेवून झोपणं कमी झालं पाहिजे. आकडा उतरला पण झोप सुधारली नाही, तर मी त्याला पास म्हणत नाही.

निकाल नापास आला तर

औषधाला दोष द्यायच्या आधी वही उलटी चाळा. किती दिवस चुकले? चार आठवड्यांत सहा-सात दिवस गाळले असतील तर परीक्षाच झाली नाही. बाटली संपली होती का? १२० फवाऱ्यांची बाटली, दोन्ही बाजूंना रोज दोन-दोन म्हणजे चार, तर तीस दिवसांत संपते. त्यानंतरही काहीतरी धुकं येतं, पण त्यात औषध किती याचा भरवसा नाही. हलवून अंदाज करू नका, तारखेवरून मोजा.

‘आज काय’ हा रकाना बघा. माझ्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आकडा ९ वर उडाला होता. शेजारी लिहिलेलं होतं: माळ्यावरून दिवाळीची भांडी काढली. तो दिवस औषधाच्या नावावर टाकायचा नाही. पण प्रत्येक सोमवारी आकडा उडत असेल आणि सोमवारी शेड झाडली जात असेल, तर तोंडाला नीट बसणारा मास्क कुठल्याही महागड्या स्प्रेपेक्षा स्वस्त पडेल. सकाळचा आकडा रोज रात्रीपेक्षा मोठा असेल तर संशय अंथरुणावर घ्या. गादी-उशीला बंद खोळ, आणि चादरी साठ अंशांच्या गरम पाण्यात. वाकळ तेवढ्या पाण्यात धुणं अवघड, तिला निदान कडक ऊन आणि झटकणं, झटकणारा माणूस मात्र दुसरा.

हे सगळं ठीक असून आकडा हलला नाही, तर मग डॉक्टरांकडे वही घेऊन जा. तिथून पुढे ॲझेलास्टिन जोडायचं की एकत्र बाटली द्यायची, नाकात पॉलिप, म्हणजे मऊ मांसल गाठ, आहे का ते दुर्बिणीनं बघायचं, की ही ॲलर्जीच नाही, हे ते ठरवतील. थंड हवा, फोडणीचा खकाणा, अगरबत्ती एवढ्यानंच नाक चोंदतं आणि खाज-शिंका नाहीत, असं वहीत दिसलं तर तेही सांगा. तो प्रकार वेगळा असतो. कातडीवरची ॲलर्जी चाचणी करायचं ठरलं तर गोळ्या आणि ॲझेलास्टिन किती दिवस आधी थांबवायचं ते विचारून घ्या, नाहीतर चाचणी खोटी निघते.

नवं औषध जोडायचं तर एका वेळी एकच, आणि निदान आठवडाभर वहीत. दोन गोष्टी एकत्र सुरू केल्या की गुण कुणाचा ते कळत नाही. मग दोन्ही जन्मभर चालू राहतात.

दवाखान्यात कन्नड बोलणारे डॉक्टर किंवा सिस्टर असतील आणि आपली कन्नड मोडकी असेल, तर ‘मूगु कट्टिदे’ एवढं पुरतं: नाक चोंदलंय. शिंकेला ‘सीनु’. बाकी आकड्यांची भाषा दोघांनाही येते.

घरात प्रयोग करू नयेत अशी माणसं

गरोदर बाई: स्वतः काही ठरवू नका, या काळात डॉक्टर बहुधा ब्यूडेसोनाइडला पसंती देतात, कारण त्याचा अनुभव सगळ्यांत जुना आहे. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढलेलं, प्रोस्टेट, काचबिंदू यांपैकी काही असेल तर पहिल्या जातीची बाटली मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून नको. काचबिंदू-मोतीबिंदू असलेल्यांनी स्टेरॉइड स्प्रेबद्दलही नेत्रतज्ज्ञांना सांगावं. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाविर असेल तर फ्लुटिकासोन रक्तात साचतं, ते टाळतात. नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा नाकात जखम असेल तर आधी ती भरू द्या. लहान मुलांचा स्प्रे, डोस आणि उंचीवरचं लक्ष हे बालरोगतज्ज्ञांचं काम. मोठ्यांच्या बाटलीतला ‘अर्धा फवारा’ असा काही प्रकार नसतो. आणि एक बाटली घरात दोघांनी वापरायची नाही, नवरा-बायकोनंही नाही.

पास झालेल्या स्प्रेचं पुढे काय

आकडा दोन-तीन महिने खाली राहिला की डॉक्टर डोस कमी करायला सांगतात: दोन फवाऱ्यांचा एक, मग हंगामापुरता. उतरवतानाही वही ठेवा, कारण नाक लगेच तक्रार करत नाही. मला दहाव्या-बाराव्या दिवशी कळतं. रक्ताचे थेंब आले तर दोन दिवस थांबून दिशा तपासा आणि मिठाचं पाणी वाढवा, पुन्हा आले तर नाक दाखवा. वर्षभर चालू असेल तर वर्षातून एकदा तज्ज्ञांना पडदा बघू द्या.

ज्यांचा त्रास हंगामी आहे त्यांना वहीचं दुसरं वर्ष जास्त कामाचं. गेल्या वर्षी आकडा कोणत्या तारखेला चढला ते त्यात असतं, आणि स्टेरॉइड स्प्रे त्याच्या एक-दोन आठवडे आधी सुरू केला तर नाक सुजायच्या आतच औषध जागेवर असतं. माझ्या वहीत सलग तीन वर्षं नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लाल आहे, येळ्ळूरच्या शिवारात मळणी सुरू होते तेव्हाचा. म्हणून यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नवी बाटली आणली, तारीख घातली, हवेत दाबून धुकं बघितलं. आत्तेनं विचारलं, ‘नाक तर मोकळं हाय की रे, मग कशाला?’ मी तिला गेल्या वर्षीचं पान दाखवलं. तिला आकडे नीट वाचता येत नाहीत, पण लाल शाई दिसते.